चेन पडण्याची जागा

वीत्स्केच्या सायकलची चेन रोज संध्याकाळी एकाच घरासमोर पडायची. बाकी गावभर ती व्यवस्थित चालायची.

वीत्स्के एका माध्यमिक शाळेत वेळापत्रक करायची. गणिताचे सर मंगळवारी सकाळी का येऊ शकत नाहीत, जर्मनच्या बाईंना शेवटचा तास का झेपत नाही, आणि व्यायामशाळेत एकाच वेळी दोन वर्ग का उभे आहेत, याचा जाब तिला विचारला जायचा. घरी दुसरं वेळापत्रक वाट बघत असायचं. मुलीची हॉकी, मुलाच्या दातांच्या तारा, आईच्या गोळ्या, आणि नवरा रूलोफ, जो तिन्हींपैकी कुठे जायचं हे दर वेळी नव्याने विचारायचा. या दोन वेळापत्रकांच्या मधे आयसेल नदीकडे उतरणारी एक गल्ली होती. ती घराच्या वाटेवर नव्हती. तिथून जायचं तर मुद्दाम वळावं लागे, आणि वीत्स्के वळायची.

आमच्या डेव्हेंटरमध्ये, म्हणजे या डच गावात, खिडक्यांना पडदे असतात, पण ते कुणी ओढत नाही. ओढले तर शेजारी काळजी करतात, निदान तसं म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बघायचं असतं. घरच्यांनी त्यासाठीच तर पुसून मांडून ठेवलेलं असतं. फक्त थांबायचं नसतं. चालता चालता बघितलं तर ते कौतुक. थांबून बघितलं तर आतला माणूस फोन शोधायला लागतो.

म्हणून चेन.

त्या घरात असं होतं तरी काय, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर दोन सारख्या कुंड्या ठेवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्यांत दोन सारखी ऑर्किडं. ज्याला असं करायचं नसतं तोही असंच करतो. या घरात कुंडी एकच होती. तीही मधोमध नाही, एका बाजूला, आणि उरलेल्या कट्ट्यावर काहीही नव्हतं. नुसती मोकळी जागा. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा वीत्स्के पुढच्या वळणापर्यंत गेली आणि परत आली. खिडकीच्या मागे एक गडद पिवळी खुर्ची होती, तिच्यावर खूप खाली लोंबणारा दिवा, आणि त्या उजेडात कुणीच बसलेलं नसायचं. वीत्स्केच्या घरात प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी असायचं, नाहीतर कुणाचा तरी ओला टॉवेल.

हळूहळू ती खोली तिच्या घरात झिरपायला लागली. आधी तिने स्वतःच्या कट्ट्यावरची एक कुंडी उचलून स्वयंपाकघरात नेली. मग जेवणाच्या टेबलावरचा दिवा खाली घेतला.

"हा डोक्याला लागतो," रूलोफ म्हणाला.

"मग वाकून बस."

"सूप पिताना आणखी किती वाकू?"

मग तिने त्या खुर्चीच्या रंगाचा मफलर घेतला. मफलरबद्दल रूलोफ काही बोलला नाही. तो त्याच्या डोक्याला लागत नव्हता.

"आजही चेन पडली?" एवढं मात्र तो रोज विचारायचा, तिला उशीर झाला की. "एकदा बघायलाच हवं त्या सायकलकडे."

"बघ ना," ती म्हणायची. रूलोफ बघायला हवं म्हणाला म्हणजे निदान वर्षभर चिंता नव्हती.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्या खिडकीत पताका दिसल्या. आत खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. वाढदिवस. त्या दिवशी चेन पडायला नको होती. घर भरलेलं असताना बाहेर वाकून उभं राहणं बरं दिसत नाही, हे वीत्स्केला कळत होतं. पण कट्ट्यावरची कुंडी गेली होती आणि तिच्या जागी एक निळी बरणी होती, तिच्यात एकच काटकुळी फांदी. पानंही नाहीत. वीत्स्के उतरली आणि चेनजवळ वाकली.

"अभिनंदन," मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरत होते. एका हातात फुलांची कुंडी, दुसऱ्यात हँडल, त्यामुळे उतरणं चाललंच होतं. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करतात. बायकोचा वाढदिवस असेल तर नवऱ्याचं, मग नवऱ्याच्या भावाचं, मग त्या भावाला घेऊन आलेल्या शेजाऱ्याचं. याला उत्तर एकच असतं आणि ते लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं.

"अभिनंदन," वीत्स्के म्हणाली.

झालं. उलट अभिनंदन करणारा माणूस घरचाच असतो.

"हे धर जरा," म्हाताऱ्यांनी कुंडी तिच्या हातात दिली आणि सायकलचं कुलूप लावायला बसले. "मी लुबर्ट काका. तू मला ओळखत असशीलच. मला मात्र आता नावं आठवत नाहीत, तेव्हा राग मानू नकोस. चल, उशीर झालाय, नाहीतर केकचे कोपरे उरतील."

"अहो, मी खरं तर..."

"उशीर सगळ्यांनाच होतो गं. पुलावर खोदून ठेवलंय."

हातात फुलांची कुंडी घेऊन दारात उभी असलेली बाई आपण पाहुणी नाही हे कसं सांगणार, याचा वीत्स्के विचार करत होती तेवढ्यात दार उघडलं आणि काकांनी तिला पाठीवर हात ठेवून आत ढकललं.

पुढची प्रक्रिया ठरलेली असते. तिने गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून, आपलं नाव सांगून अभिनंदन केलं आणि प्रत्येकाने तिचं केलं. ही कोण, असं कुणी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला आपलेच नातेवाईक माहीत नाहीत असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. प्रत्येकाने तिला दुसऱ्या बाजूकडची धरलं. घराची मालकीण आलाइट, जिचा वाढदिवस होता, तिने कुंडी घेतली, वीत्स्केच्या मफलरकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बसा ना."

मोकळी खुर्ची एकच उरली होती. पिवळी.

वीत्स्के तिच्यावर बसली. मफलर आणि खुर्ची इतके एका रंगाचे होते की लांबून बघणाऱ्याला खुर्चीलाच डोकं उगवल्यासारखं वाटलं असतं. हातात केक आला. संभाषण रस्त्यांबद्दल होतं. कोण कुठून आलं, पुलावरून की पुलाखालून, आणि परत जाताना काय करणार.

मग तिने पहिल्यांदा खिडकीकडे बघितलं, आतून.

खिडकीखालची भिंत रस्त्यावरून दिसत नव्हती. तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड होता, त्यावर पायमोजे. व्हॅक्यूम क्लीनर होता. पाय दाबायचं मशीन, औषधांचं खोकं, इस्त्रीचा ढीग, फोनवर बोलायचा हेडफोन, आणि ती दुसरी सारखी कुंडी, भिंतीकडे तोंड करून. निळ्या बरणीची तडा गेलेली बाजूही आतल्या अंगाला होती. त्या घरात जे काही चांगलं होतं त्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि उरलेलं सगळं घरच्यांसाठी होतं. वीत्स्केच्या घरात हेच सामान होतं. फक्त ते कुणी नीट लपवलं नव्हतं.

तिला धक्का बसायला हवा होता. उलट जरा बरंच वाटलं.

"तू भिंतीवर नाहीयेस," शेजारच्या म्हातारीने सांगितलं. या आलाइटच्या सासूबाई, हिलेगोंडा. त्या याच घरात राहायच्या आणि पाय दाबायचं मशीन त्यांचं होतं. "मी रोज वाचते. सकाळी आणि दुपारी, आणि रात्री दोनदा. वीत्स्के नावाचं त्यात कुणी नाही."

वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे संडासात लावतात, बसल्यावर समोर येईल असं. त्यात वार नसतात, साल नसतं, त्यामुळे ते कधीच जुनं होत नाही. त्यात एकदा नाव चढलं की दर वर्षी कार्ड येतं, आणि कार्डामागून माणूस. मग आपणही जायचं. गोल बसायचं.

"राहू द्या ना," वीत्स्के म्हणाली.

"का राहू दे? सख्खी माणसं राहून जातात आणि लांबची चढतात. तारीख सांग."

वेळापत्रक करणाऱ्या बाईला तारीख खोटी सांगता येत नाही. "एकोणीस फेब्रुवारी."

म्हातारीने पिशवीतून बॉलपेन काढलं, काठी उचलली आणि संडासात गेली. दाराची कडी लागली. बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला आणि त्या परत येऊन बसल्या. "लिहिलं," त्या म्हणाल्या. "शिवाय आमच्या अंतोनच्या खालीच आलीस. चांगला माणूस होता."

वीत्स्केने केकचा चमचा बशीत ठेवला. वर्षातले बहुतेक रविवार तिचे गोल बसण्यात जायचे, रूलोफकडचे आणि तिच्याकडचे मिळून. जगात ही एकच खोली होती जिथे तिला कुणाचंही अभिनंदन करावं लागत नव्हतं. आता तीही गेली. उद्या इथून जाताना हात करावा लागणार. ओळखीच्या घरासमोर चेन पडली तर लोक मदतीला बाहेर येतात.

"कप उचलायला जरा येता का?" आलाइटने विचारलं. ते वीत्स्केलाच होतं.

स्वयंपाकघरात आलाइटने दार लोटलं, नळ सोडला आणि कप न धुता उभी राहिली.

"तुम्ही चेनवाल्या," ती म्हणाली.

"हो."

"चेन बसवणाऱ्या माणसाचे हात काळे होतात. तुमचे कधी झाले नाहीत. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं."

"मी माफी मागते. परत थांबणार नाही."

"तसं नका करू." आलाइटने नळ थोडा मोठा केला. "मी दिवसभर या घरात बसून गॅसच्या बिलांच्या तक्रारी ऐकते. कानात तो हेडफोन. माणूस पलीकडून ओरडत असतो आणि मी कट्ट्यावरची कुंडी दोन बोटं सरकवते. तेवढंच. गेल्या हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या, चार लोकांसारखी दुसरीही कुंडी ठेव, गल्ली नावं ठेवते. मी ठेवणारच होते. हातात घेतलीही होती. तर तुमची चेन पडली."

वीत्स्केने कप एका रांगेत लावले. असल्या गोष्टींवर काय बोलतात हे आमच्याकडे शिकवत नाहीत.

"बरणी आजच ठेवली," आलाइट म्हणाली. "फांदी जास्त होते का?"

"नाही. पण जरा आणखी डावीकडे हवी."

"मलाही तेच वाटत होतं. पण सगळ्यांसमोर उठून कशी सरकवू?"

दोघी बाहेरच्या गोलाचा आवाज ऐकत राहिल्या. पूल अजून संपला नव्हता.

"आपली ओळख झाली तर हे संपलं," आलाइट म्हणाली.

"सासूबाईंनी लिहिलंय."

"बॉलपेनने?"

"बॉलपेनने."

"खोडलं तर त्या विचारतील. पान फाडलं तर अख्खा फेब्रुवारी जाईल, त्यात त्यांचा भाऊ आहे." आलाइटने कप उलटा करून बघितला, जणू उपाय तळाशी छापलेला असावा. "मेलेल्यांची नावं मात्र त्या तशीच ठेवतात. पुढे छोटा क्रूस काढतात. अंतोनला आहे ना, तसा. मग त्यांना कार्ड जात नाही. वाईट मानू नका."

"नाही, नाही," वीत्स्के म्हणाली. "कधी?"

"लगेच नको. तुम्ही आत्ता केक खाल्लाय. नोव्हेंबरात बघू, सुट्ट्यांच्या आधी."

"नोव्हेंबरात परीक्षांचं वेळापत्रक असतं."

"तुम्हाला काही करायचं नाहीये त्यात."

"हां, ते खरं. आणि कशाने? कारण सायकलवरून नको. मी नीट चालवते. लोक उगाच म्हणतील, चेनकडे लक्ष दिलं असतं तर."

"छातीचं काहीतरी सांगते. लवकर आटोपलं, त्रास झाला नाही. आणि तो मफलर आता घालू नका. तो घरातल्या सगळ्यांनी बघितलाय."

मफलरचं वीत्स्केला वाईट वाटलं. पण मेलेल्या माणसाचे कपडे कुणी घालत नाही, हे तिला मान्य होतं. तिने घडी करून तो पर्समध्ये ठेवला, बाहेर येऊन पुन्हा सगळ्यांशी हात मिळवला आणि चीज यायच्या आत निघाली.

दुसऱ्या दिवशी बरणी थोडी डावीकडे होती. चेन पडली. आलाइट आत हेडफोन लावून भिंतीकडे बघत बोलत होती. तिने मान वळवली नाही आणि वीत्स्केने हात केला नाही. सगळं पूर्वीसारखं होतं, फक्त वीत्स्केला आता माहीत होतं की खिडकीखाली पायमोजे वाळताहेत. त्याने काही बिघडलं नाही. तिने घरी जाऊन आपला कपड्यांचा स्टँड खिडकीखाली सरकवला.

"हा आता दिसतच नाही," रूलोफ म्हणाला.

"तेच तर."

नोव्हेंबरात वीत्स्के वारली. तिला हे शनिवारच्या बाजारात, चीजच्या गाडीसमोर रांगेत उभी असताना कळलं.

"आपण भेटलोय," पुढचे गृहस्थ वळून म्हणाले. लुबर्ट काका. "आलाइटच्या वाढदिवसाला. तुम्ही पलीकडच्या बाजूला होतात."

"हो," वीत्स्के म्हणाली. तिच्या गळ्यात करडा मफलर होता.

"ती चेनवाली गेली, कळलं ना? पिवळा मफलर होता बघा. छातीचं काहीतरी."

"कानावर आलं होतं."

"तुमची कोण?"

वीत्स्केने विचार केला. "तशी जवळची होती."

"अरे, अरे." काकांनी टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाले, "अभि..." मग थांबले. "सवय झालीय हो. दुःखात सहभागी आहे, असं म्हणायचं होतं. माझ्याबरोबरच आत आली होती त्या दिवशी. कुंडी धरायला दिली होती मी. फार बोलली नाही, पण कुंडी नीट धरली."

"तेवढं ती करायची," वीत्स्के म्हणाली.

"आजकाल कुंडीसुद्धा नीट धरत नाहीत." काकांनी जुन्या चीजचा तुकडा मागितला आणि तिला चाखायला अर्धा दिला. तिने दुःखी माणसाने खावा तसा, सावकाश खाल्ला.

एकोणीस फेब्रुवारीला सकाळी रूलोफने तिला डोळे मिटायला लावून अंगणात नेलं. सायकलला लाल रिबीन बांधली होती. रिबिनीच्या खाली चेनवर संपूर्ण बंद असलेलं काळं कव्हर होतं, आठ स्क्रूंनी आवळलेलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता आयुष्यात पुन्हा चेन पडणार नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वीत्स्केने कव्हरवरून हात फिरवला. त्याने खरंच बघितलं होतं, तेही वर्ष संपायच्या आत. हे तिने गृहीत धरलं नव्हतं.

"खूप पक्कं आहे," ती म्हणाली.

"आपोआप सुटणार नाही. मुद्दाम सोडवायला गेलं तरी अर्धा दिवस जाईल."

"दिसतंच आहे."

दिवसभर ती शाळेत जर्मनच्या बाईंशी शेवटच्या तासाबद्दल बोलत राहिली आणि मनात वेगळाच हिशोब करत राहिली. बुटाची नाडी सुटू शकली असती, पण तिच्या बुटांना नाडी नव्हती, झिप होती. चष्मा पडू शकत होता, पण रोज रोज कसा पडेल? चार वाजता ती नदीकडे वळली तेव्हा काहीही ठरलं नव्हतं. न थांबता जायचं, जाता जाता बघायचं, इतर लोक बघतात तसं. इतर लोक जगतातच ना.

घर आलं. खिडकीत पताका होत्या.

आत खुर्च्या गोल नव्हत्या. पाहुणे नव्हते, केकही दिसत नव्हता. त्या घरात आज कुणाचाही वाढदिवस नव्हता, निदान जिवंत माणसाचा. पताकांखाली कट्ट्यावर निळी बरणी, आणि तिच्यातल्या त्या उघड्या फांदीला एकच पिवळी कळी होती. आलाइट कानात हेडफोन लावून, पाठ रस्त्याकडे करून उभी होती आणि कुणाला तरी बिल समजावून सांगत होती. मान वळली नाही.

पिवळ्या खुर्चीत हिलेगोंडाबाई बसल्या होत्या. त्यांनी वर पताकांकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. त्यांची नजर वीत्स्केवर आली आणि तिथेच राहिली. वीत्स्केचा हात हँडलवरून उठता उठता राहिला. म्हातारी तिच्याकडे शांतपणे बघत होती. तिनेही हात केला नाही. अशा लोकांना हात करत नाहीत, इतकं तिला कळत होतं. तिने फक्त मान जराशी झुकवली, संडासात रोज भेटणाऱ्या माणसाला झुकवावी तशी.

वीत्स्के सायकलवरून उतरली. मागच्या चाकाजवळ वाकली, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि बोटाने दाबून चाकातली सगळी हवा सोडून दिली. मग कॅरियरखालचा छोटा पंप काढला आणि हवा भरायला लागली.

पंप छोटाच होता. हवा भरायला चेनपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता. एवढी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं.

घरी खुर्च्या गोल मांडून झाल्या होत्या आणि रूलोफची माणसं येऊन बसली होती.

"उशीर?" रूलोफने विचारलं. "चेन तर नसेल."

"नाही, चेन उत्तम आहे," वीत्स्के म्हणाली. "टायर बघायला हवा कधीतरी."

"बघतो," रूलोफ म्हणाला, आणि दिव्याखालून वाकून केक आणायला गेला.